चाळीस मिनिटांत गाणं, चित्र आणि गणित

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेतून आणि गोष्टीतून शिकवण्यावर भर आहे. प्रशिक्षणातून परतलेले गुरुजी हे नवीन म्हणून सांगतात, तेव्हा मला रिद्धपूर आठवतं.

अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी सांगितलेले ११४ दृष्टांत, म्हणजे छोट्या बोधकथा, पंथातल्या केसोबासांनी तेराव्या शतकात 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. मांडणी ठरलेली: आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं तत्त्ववचन, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट कशाला लागू पडते ते. जन्मांधांनी हत्ती चाचपला. कान हाती आला त्याला तो सुपासारखा वाटला, पाय हाती आला त्याला खांबासारखा. सूपही घरातलं, खांबही घरातला. सूत्र विसरलं तरी सूप डोक्यातून जात नाही. माणसाच्या विचाराच्या दोन रीती, एक तर्काची आणि एक गोष्टीची, एकीचं काम दुसरीनं भागत नाही, असं जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली मांडलं. दृष्टांतपाठात या दोन्ही रीती एकाखाली एक लिहिलेल्या आहेत.

पुढे गाडगेबाबांचं कीर्तन याच वाटेनं गेलं. वऱ्हाडीत प्रश्न टाकायचा आणि उत्तर समोरच्या गर्दीकडूनच काढून घ्यायचं. शाळेच्या वेळापत्रकात मात्र यातलं काही उतरलं नाही.

तसा प्रयत्न झाला वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनं सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हातकामाला, ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं. आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून ४० मिनिटं! गाणं आणि पाढे एकाच खणात कोंबलेले बघून अजूनही हसू येतं.

पण 'नई तालीम' म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिक्षणाला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला हात लागले ते निराळे. तिथलं काम बघणारं आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून आलेलं. तिथल्याच कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ ला कलाशिक्षक म्हणून आले ते १९६२ पर्यंत राहिले. कला हा शिक्षणातला एक विषय नव्हे, पाया आहे, असं ते मानत. हे पटायला तकली, म्हणजे सूत कातायची हातातली चाती, पुरेशी आहे. कापसाच्या पेळूतून धागा ओढताना हात जरा अडला की सूत जाड होतं, जरा जास्त ओढलं की तुटतं. मास्तरनं खूण करायची गरजच नाही. चांगलं सूत कोणतं ते मुलाच्या बोटांना आधी कळतं. सौंदर्यशास्त्रावर मराठीत जाडजूड ग्रंथ आहेत, पण त्याची पहिली इयत्ता ही.

नई तालीम टिकली नाही. पोरानं शाळेत जाऊनही सूतच कातायचं तर शाळा कशाला, हा आईबापांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव', म्हणजे हातानं काम करून शिकणं, हा शब्द आणला. तो वेळापत्रकात राहिला, तकली गेली.

गोष्ट मात्र शाळेबाहेर जोरात होती. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत धान घरात आलं की दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. गडचिरोलीतल्या वडशाकडच्या एका शाळेत मी गेलो होतो, त्याच्या आदल्या रात्री गावात नाटक झालेलं. अर्धा वर्ग पेंगत होता. मागच्या बाकावरच्या पोराला विचारलं, नाटकात वाईट माणूस कोण होता? तो डोळे चोळत म्हणाला, "वाईट नव्हता जी तो. बापाचं कर्ज होतं त्याच्यावर."

पुढची तासिका कार्यानुभवाची होती. त्या तासाला गणित झालं.