सोंडेत कुंचला, कानावर माहुताचा हात

थायलंडमधला एक व्हिडिओ बऱ्याच जणांच्या मोबाईलवर येऊन गेला असेल. हत्तीण सोंडेत कुंचला धरून एकेक रेघ ओढत जाते आणि कागदावर सोंडेत फूल घेतलेला हत्ती उमटतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही थक्क झालो होतो.

प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार डेझमंड मॉरिस यांनी थायलंडच्या नाँग नूच उद्यानात हा कार्यक्रम जवळून पाहिला. लोकांची नजर कुंचल्यावर असते; त्यांनी माहुताचा हात पाहिला. तो हत्तिणीचा कान धरून उभा असतो. कान वर-खाली ओढला की उभी रेघ, बाजूला ओढला की आडवी. प्रत्येक हत्तीण दिवसामागून दिवस तेच चित्र काढते. म्हणजे चित्र माहुताच्या डोक्यातलं, हत्तीची फक्त रेघ.

पण ती रेघसुद्धा साधी नव्हे. सोंडेत एकही हाड नसतं, सगळी करामत स्नायूंची. हे स्नायू हलवण्यासाठी मेंदूत किती पेशी राबतात, हे बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मोजलं. चेहरा आणि सोंड हलवणाऱ्या मेंदूच्या भागात आशियाई हत्तीला सुमारे ५४ हजार चेतापेशी असतात, आफ्रिकी हत्तीला सुमारे ६३ हजार. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेच्या टोकाला दोन 'बोटं' असतात, आशियाईला एकच; म्हणून तो वस्तू चिमटीत धरण्यापेक्षा सोंडेचा विळखा घालून उचलतो. रंगांची गंमत वेगळीच. हत्तीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्यामुळे लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही. हिरव्या देठावरचं ते लाल फूल आपल्यासाठी असतं.

हे सगळं सुरू झालं ते पोटासाठी. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये भीषण पूर आले. उघड्या बोडक्या डोंगरांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसं दगावली. १९८९ च्या जानेवारीत सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. मोठ्या हत्तीला रोज दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो आणायचा कुठून? कित्येक माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर पैसे मागत फिरू लागले. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले कोमार आणि मेलामिड हे मूळचे रशियन चित्रकार तेव्हा पुढे आले. हत्तींना चित्रं काढायला शिकवायचं, ती विकायची आणि पैसा हत्तींच्या संगोपनाला द्यायचा, अशी त्यांची योजना होती. मार्च २००० मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या प्रसिद्ध लिलावगृहात या चित्रांचा लिलावही झाला.

या पैशाने चारा आणि औषधं येत असतील, तर त्याला नाकं मुरडणं मला जमणार नाही. पण 'हत्तीला यात आनंद मिळतो' हा दावा तपासूनच घ्यायला हवा. २०१४ मध्ये मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातल्या चार हत्तिणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्रं काढल्यामुळे त्यांचं ताण दाखवणारं एकसुरी डोलणं कमी होतं का, हे त्यात पाहिलं. तसं आढळलं नाही. शिवाय पर्यटकांसाठी हत्ती ठेवणाऱ्या काही तळांवर पिल्लाला आईपासून तोडून, मारझोड करून वठणीवर आणतात आणि मग हे खेळ शिकवतात. म्हणून मी विकत घेतलंच, तर हुबेहूब फुलाचं चित्र घेणार नाही. ज्या तळावर हत्ती दिवसाचा बराच वेळ मोकळे चरतात, तिथले वेडेवाकडे फटकारे घेईन.

मला सगळ्यात जवळची वाटते ती सिरी, अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या प्राणिसंग्रहालयातली आशियाई हत्तीण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या रखवालदाराला कोठीच्या फरशीवर ओरखडे दिसले. सिरी सोंडेत खडा धरून ते काढत होती. त्याने तिला कागद आणि पेन्सिल आणून दिली ती नंतर. फरशीवरच्या त्या रेघा कोणी सांगितल्या नव्हत्या, आणि तेव्हा तिच्या कानावर कोणाचा हातही नव्हता.