ड्रिफ्ट कारची पुढची चाकं वाकडी का असतात?

निस्सान सिल्वियासारख्या ड्रिफ्ट कारचा, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळणाऱ्या गाडीचा, फोटो पाहिला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पुढची चाकं आत झुकवलीत ती निव्वळ दिखाव्यासाठी." हे खरं नाही. वर्षानुवर्षं तेच ऐकून वाईट वाटतं, कारण त्या झुकावामागे मेहनतीने बसवलेलं गणित आहे.

डावं वळण घ्या. मागचा भाग उजवीकडे घसरतो, ड्रायव्हर स्टेअरिंग उलट, म्हणजे उजवीकडे फिरवतो. भार मात्र उजव्या पुढच्या चाकावरच येतो. नेमकं हेच चाक कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा बाजूने पाहताना दिसणारा मागचा कल) वरून बाहेर कलतं. कॅस्टर 7 अंश आणि चाक 40 अंश वळलेलं असेल, तर एकट्या कॅस्टरने सुमारे 4.5 अंशांचा फरक पडतो. किंगपिनचा, म्हणजे त्याच अक्षाचा समोरून दिसणारा, तिरपेपणा त्यात आणखी भर घालतो. आधीच निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या भागाला आत झुकाव, दिलेला असेल तरच टायर घसरताना रस्त्यावर सपाट बसतो.

खात्री करायची असेल तर उजव्या रिमवर अँगल गेज टेकवा. चाक सरळ असताना आकडा वाचा, मग स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून पुन्हा वाचा. झुकाव डोळ्यांदेखत कमी होतो.

म्हणून "जितका जास्त कॅम्बर तितकी जास्त पकड" हेही चूक. गरजेपेक्षा जास्त दिला तर टायर आतल्या कडेवरच चालतो, सरळ रेषेत ब्रेक मारताना पकडही कमी मिळते. रोजच्या गाडीत हे सेटिंग करूच नका.

आणि क्रम पाळा: आधी कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो (वरून पाहताना चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळलेली आहे ते). कॅम्बर हलवला की टो बिघडतोच.