झाडपाल्याची तपासणी करून घेण्याआधी : ग्राहकांसाठी माहिती

सोलापूर, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी भागातले वैद्य, छोटे औषध उत्पादक आणि विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेत वनौषधींचे नमुने आणतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "यानं जंतू मरतात का?" त्याच्या जोडीला आम्ही दुसरा विचारतो, "माणसाला सोसेल का?" दोन्ही तपासण्या सोबतच कराव्यात, असा आमचा आग्रह आहे.

जंतूंची तपासणी अशी होते. पेट्री डिश म्हणजे झाकणाची चपटी बशी; तिच्यात अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, थर घट्ट झाला की त्यावर जंतू सारखे पसरतात आणि छोटी भोकं पाडतात. एकात तुमचा अर्क, दुसऱ्यात माहितीतलं प्रतिजैविक, तिसऱ्यात नुसतं द्रावक, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला ते द्रव. डिश ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवली की सकाळी जंतूंचा दुधट थर दिसतो. अर्क लागू पडला असेल तर भोकाभोवती स्वच्छ कडं उमटतं, त्याचा व्यास आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. नुसत्या द्रावकाभोवतीही तसंच कडं आलं, तर ती तपासणी बाद.

मोठं कडं म्हणजे जालीम औषध, असं मात्र समजू नका. अर्क अगारमध्ये किती पसरतो, यावरही कड्याचा आकार ठरतो. म्हणून पुढे अर्क दर वेळी निम्मा पातळ करत जंतूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा काढावी लागते. शिवाय ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरून जादा आवरण असतं, ते बऱ्याच अर्कांना दाद देत नाहीत. एका जंतूवरचा निकाल सगळ्यांना लावता येत नाही.

आता विषारीपणा. कण्हेर आपल्याकडे दारोदारी फुलते, पण तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर परिणाम करतं. कडुनिंब तर घरचाच. तरीही त्याचं तेल पाजल्याने तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पहिल्या चाळणीसाठी आम्ही आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्लं वापरतो. अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत ती सोडून २४ तासांनी मेलेली मोजतो. निम्मी पिल्लं मारणारी मात्रा मिलिलिटरला १००० मायक्रोग्रॅमच्या आत आली, तर अर्क विषारी धरण्याचा प्रघात आहे. यावरून माणसाचा डोस ठरवता येत नाही. त्यापुढच्या प्राण्यांवरच्या चाचण्या नोंदणीकृत संस्थेत, नैतिकता समितीच्या मंजुरीनेच होतात. त्या आमच्याकडे होत नाहीत.

जंतू रोखायला लागणारी मात्रा विषारी मात्रेच्या जवळ गेली, तर पोटात घेण्याचं औषध करण्याच्या भानगडीत पडू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. बाहेरून लावायच्या मलमाचा विचार होऊ शकतो, मात्र त्वचेवरची तपासणी वेगळी करावी लागेल.

नमुना आणताना औषध ज्या रूपात देता, त्याच रूपात आणा. तुम्ही काढा देत असाल आणि तपासणी अल्कोहोलमधल्या अर्काची झाली, तर त्या निकालाचा तुमच्या काढ्याशी संबंध राहत नाही. दोन्हींत उतरणारे घटक वेगळे असतात. सोबत फुलाफळांसह एक फांदी हवी. शंखपुष्पी म्हणून बाजारात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय आम्ही नमुना घेत नाही. पाला सावलीत वाळवून कागदी पिशवीत आणा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

आमच्या अहवालात 'अमुक रोग बरा होतो' असं वाक्य मिळणार नाही. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, तेव्हा अहवालाचा फोटो पाकिटावर किंवा फलकावर छापू नये.