छोट्या रिंगमागचा इतिहास

टीव्हीवर दिसणाऱ्या रेसलिंगमधले निकाल आधी ठरलेले असतात, हे आज गोव्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. ते इथे सिद्ध करत बसत नाही. पण ही गोष्ट अधिकृतपणे कबूल कधी झाली, कशासाठी झाली आणि त्या कबुलीबरोबर काय हातचं गेलं, हे फारसं कोणी सांगत नाही. फोंड्यात किंवा म्हापशात एखाद्या सभागृहात रिंग बांधून, मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र मंडळींनी केलेला छोटा कार्यक्रम बघायला जाणाऱ्यानं तेवढं तरी ठाऊक करून घ्यावं.

जुना भाग थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये ‘आमच्या पैलवानासमोर टिकून दाखवा आणि बक्षीस न्या’ असे तंबू लागत. आपल्याकडे आधी ठरवून केलेल्या ज्या लढतीला नूरा कुस्ती म्हणतात, तिची सवय या धंद्याला तिथेच लागली. १९२० च्या दशकात तासन्‌तास एकमेकांना चिकटून चालणाऱ्या लढती मागे पडल्या आणि वेळ बांधलेला, उड्या-फेकींचा खेळ आला. मातीतली कुस्ती वेगळ्या वाटेनं चालली होती. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं. या दोन वाटा मुंबईत भेटल्या. पन्नास-साठच्या दशकांत तिथे परदेशी मल्ल आणून लढती होत आणि गर्दी लोटे. १९६८ साली मुंबईत माजी अमेरिकन जगज्जेत्याला हरवणारा पंजाबी मल्ल पुढे टीव्हीवर हनुमान झाला. त्याचं नाव सांगायला नको.

गोव्यातल्या माझ्या पिढीपर्यंत हे सगळं पोचलं ते नव्वदीत, केबलवरून. त्याबरोबर ट्रम्प कार्डं आली. उंची, वजन, छाती, दंड, रँक, किती लढती लढल्या, किती जिंकल्या, हे आकडे पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असायचे. मधल्या सुट्टीत वाद एकच, खरं की खोटं. कोणी रक्त दाखवून खरं म्हणायचं, कोणी हुकलेला ठोसा दाखवून खोटं. हा वाद आम्ही तावातावानं घालत होतो तेव्हा त्याचा निकाल अमेरिकेत कधीच लागून गेला होता.

तो लागला १९८९ च्या फेब्रुवारीत, न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर. तोपर्यंत मुष्टियुद्धावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणाच रेसलिंगवरही देखरेख करत असे. मल्ल, पंच, वेळ पाहणारा, आयोजक, सगळ्यांना परवाना लागे. लढतीआधी वैद्यकीय तपासणी होई. प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर कर होता. तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंपनीनं (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सिनेटला सांगितलं की हा क्रीडाप्रकारच नाही, मुख्य हेतू प्रेक्षकांचं मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नाही. म्हणजे परवाने नकोत, तपासणी नको, कर नको. विधेयक सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं.

या घटनेकडे दोन तऱ्हांनी बघतात. जुन्या मल्लांना तो विश्वासघात वाटला. निकालाचं गुपित त्यांनी आयुष्यभर जपलं होतं. खलनायक आणि नायक एका गाडीतून प्रवास करत नसत, दुखापत खोटी असली तरी गावात लंगडत फिरत. ते सगळं कर वाचवण्यासाठी चव्हाट्यावर मांडलं गेलं. दुसरी बाजू म्हणते, झाकली मूठ कधीच उघडली होती, मग कागदावर खोटं का लिहायचं? गुपिताच्या बाबतीत मला दुसरी बाजू पटते. कबुलीनंतर धंदा बुडाला नाही, उलट १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो पूर्वी कधी नव्हता इतका फुगला. पण विधेयकातली वैद्यकीय तपासणी काढून टाकणारी ओळ मला आजही डाचते. निकाल ठरलेला असला तरी पडणं ठरवून मऊ होत नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास, एवढ्यावर माणूस पाठीवर आपटतो. छोट्या मंडळींच्या रिंगला अनेकदा खरे दोर नसतात. रबरी नळीत पोलादी तार घालून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि त्यावर धावून आदळलेल्या मल्लाच्या बरगडीवर आडवा वळ उठलेला पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसतो. छातीवर उघड्या पंजानं मारलेल्या फटक्याची पाचही बोटं उमटतात. गुपित गेलं याचं दुःख नाही. त्याच्यासोबत डॉक्टरही दाराबाहेर गेला, याचं आहे.

निकाल ठरलेला असणं आपल्या प्रेक्षकाला खुपायचं कारणच नव्हतं. पेडणे-डिचोलीकडे जत्रेत दशावतार बघत वाढलेल्या माणसाला देव जिंकणार आणि राक्षस मरणार हे पडदा लागायच्या आधीच माहीत असतं. आख्यान ठरलेलं, शेवट ठरलेला, संवाद मात्र लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलतो, लोक कुठे दाद देतात, यावर युद्ध लांबतं किंवा आवरतं. रिंगमध्येही हेच चालतं. शेवट आधी सांगितलेला असतो, मधला भाग बऱ्याचदा जागच्या जागी, एकमेकांच्या कानाशी कुजबुजत जुळवला जातो. छोट्या हॉलमध्ये डोकं पकडलेल्या मल्लाचे ओठ हलताना दिसतात. मला त्यात रसभंग वाटत नाही, हाच तर जवळून बघण्याचा आनंद आहे.

१९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत एक मल्ल छतावरून दोरानं उतरताना खाली कोसळून मरण पावला. कार्यक्रम पुढे चालू राहिला. २००१ साली अमेरिकेतल्या उरलेल्या दोन मोठ्या स्पर्धक कंपन्या संपल्या, बरेच मल्ल रस्त्यावर आले, आणि २००२ पासून फिलाडेल्फियासारख्या शहरांत छोट्या स्वतंत्र कार्यक्रमांना जोर आला. आज आपण ज्याला स्वतंत्र रेसलिंग म्हणतो त्याचा तोंडवळा तिथला. मल्ल कंत्राटी, विमा ज्याचा त्यानं पाहायचा, टी-शर्ट मध्यंतरात स्वतःच विकायचे.

भारतात २०१२ साली एका अमेरिकन कंपनीची, पुण्याच्या बालेवाडीत चित्रित केलेली मालिका टीव्हीवर आली, ती एकाच हंगामात थांबली. २०१५ मध्ये जालंधरला एका माजी जगज्जेत्यानं प्रशिक्षणाचा आखाडा काढला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात डब्ल्यूडब्ल्यूई ही मोठी कंपनी हैदराबादला येऊन गेली.

न्यू जर्सीचा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही, कारण विचारायची गरज पडत नाही. नाटक असो, सर्कस असो की क्रीडास्पर्धा, ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे. स्वस्त तिकिटाचा कार्यक्रम खेळ की नाटक, हे ठरवून सरकारला काहीच मिळत नाही. लढतींच्या बाबतीत गोव्याला ठोस निर्णय घ्यावा लागला तो धिरयोंबाबत, म्हणजे बैलांच्या झुंजींबाबत. एका माणसाचा जीव गेल्यावर १९९६ साली न्यायालयानं त्यांवर बंदी आणली.

मधला मार्ग ब्रिटनमध्ये सुचवला गेला. २०२१ साली तिथल्या खासदारांच्या एका गटानं अहवालात म्हटलं की रेसलिंग शिकवणाऱ्या शाळांना खेळ मानावं आणि कार्यक्रमांना रंगभूमी. मला ही विभागणी योग्य वाटते. शाळा खेळ ठरली की शिकवणाऱ्याची पात्रता, पडायला शिकवण्याची पद्धत, डोक्याला मार लागल्यावर किती दिवस रिंगबाहेर राहायचं, हे विचारता येतं, आणि कार्यक्रमाला नाटकाचं स्वातंत्र्य राहतं. गोव्यात तोवर आयोजकाला तिकीट काढतानाच विचारावं, डॉक्टर हजर आहे का आणि रिंगभोवतीच्या फरशीवर गाद्या टाकल्यात का.