दोन नेटवर्क कार्डं लावली, मग वेग दुप्पट का होत नाही?

प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांसाठी इंटरनेटवरून माहिती आणून देणारा संगणक, दमला की त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवा, वेग दुप्पट! गंगापूर रोडवरची कॉलेजं असोत की अंबडचे कारखाने, नाशिकमध्ये हा सल्ला सर्रास मिळतो. कार्ड स्वस्त असतं, म्हणून शहानिशा कोणी करत नाही. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालण्याइतकीच ही श्रद्धा आहे. हार निदान दुसऱ्या दिवशी काढतात तरी.

कॅशिंग प्रॉक्सीचं काम साधं आहे. लॅबमधल्या एका मशीनने उबंटू या लिनक्स प्रणालीचं अपडेट मागितलं की तो ते इंटरनेटवरून आणतो, प्रत डिस्कवर ठेवतो आणि बाकीच्यांना तीच देतो. स्क्विड हे त्यासाठीचं जुनं, मोफत सॉफ्टवेअर. एक कार्ड लॅबकडे, दुसरं राउटरकडे अशी विभागणी सुरक्षिततेसाठी उत्तमच. पण वेगासाठी लॅबच्याच बाजूला दोन कार्डं हवी असतील तर लिनक्समध्ये त्यांचं बाँडिंग करावं लागतं, म्हणजे दोन्ही मिळून एकच कार्ड असल्यासारखी जोडावी लागतात, आणि गंमत तिथे आहे.

माहितीचा प्रत्येक तुकडा, म्हणजे पॅकेट, कोणत्या कार्डाने पाठवायचं? आलटूनपालटून पाठवली तर ती मागेपुढे पोचतात. पॅकेट पोचली की नाही यावर लक्ष ठेवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलला वाटतं मधलं पॅकेट हरवलं आणि तो स्वतःच वेग उतरवतो. म्हणून एका जोडणीची सगळी पॅकेट एकाच कार्डाने जाऊ देतात. कार्ड ठरतं ते एका हिशेबाने: पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मॅक पत्त्यांचं (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक्सॉर करायचं, कार्डांच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल तो कार्डाचा क्रमांक. एक्सॉरमध्ये दोन बिट सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. म्हणजे कार्डं दोनच असतील तर पत्त्यांच्या शेवटच्या बिटवर सगळं ठरतं.

आता साठ मशीनची लॅब सर्व्हरपेक्षा वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, आहे असं समजा. असे कप्पे जोडणारा मधला लेयर-3 स्विच स्वतःचा मॅक पत्ता पुढे करतो, त्यामुळे सर्व्हरला साठही मशीनसाठी घेणारा एकच दिसतो. पत्ता तोच, बाकी तीच, कार्डही तेच! दुसरं नुसतं दिवा लुकलुकवत बसतं. उपाय म्हणजे बाँडिंगसाठी लेयर 3+4 हे धोरण, म्हणजे कार्ड ठरवण्याचा दुसरा हिशेब, निवडायचं. त्यात आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक (जोडणी ओळखायचे आकडे) धरतात. पोर्ट जोडणीगणिक बदलतो, म्हणून भार विभागला जातो. तरीही एका डाउनलोडला गिगाबिट कार्डाची 1 गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला 125 मेगाबाइटची, मर्यादा राहतेच. शिवाय हे झालं जाणाऱ्या पॅकेटचं. येणारी पॅकेट कोणत्या तारेने यायची ते स्विच त्याच्या गणिताने ठरवतो.

बऱ्याचदा मुळात अडतं ते डिस्कपाशी. मिनिटाला 7200 फेऱ्यांची हार्ड डिस्क विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचू शकते. फायली काही किलोबाइटच्या असतील तर एक कार्डही भरत नाही. तिथे आधी रॅम किंवा एसएसडी. आणि एचटीटीपीएसची पानं कूटबद्ध असल्याने साधा प्रॉक्सी ती साठवूच शकत नाही.

म्हणून तिसरं कार्ड घेण्याआधी असलेल्या दोघांनी किती बाइट पाठवले ते पाहा. एकाचा आकडा पळतोय आणि दुसऱ्याचा जेमतेम हलतोय, असं दिसलं तर दुकानात जाऊ नका, बाँडिंगचं धोरण बदला.