‘म्युझियम’ म्हटलं की मुंबईकराला कळतं कुठलं

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं १९९८ पर्यंतचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्यामुळे ही राणीच्या राज्याची भेट असावी, असं अनेकांना वाटतं. खरं तर कल्पना शहरातल्या नागरिकांची. वर्गणी लोकांची, सोबत सरकारची मदत. ११ नोव्हेंबर १९०५ ला भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली, म्हणून ते नाव पडलं.

१९०९ च्या स्पर्धेत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला. दगड इथलाच: कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाप आहे. आत शिरल्यावर मात्र आधी लाकडी महिरपी बघाव्यात. त्या नाशिकच्या एका मराठेकालीन वाड्यातून विकत आणल्या आहेत.

इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्धामुळे तिथे लष्करी रुग्णालय आलं. ताबा मिळाला १९२० मध्ये, दारं उघडली १० जानेवारी १९२२ ला. तोवर वस्तू गोळा होतच होत्या. शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह १९१५ मध्ये घेतला होता. पुढे १९२१ मध्ये सर रतन टाटांचा आणि १९३३ मध्ये सर दोराबजी टाटांचा संग्रह आला. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तीही इथेच आहेत, आणि त्या चुकवू नयेत.

लघुचित्रं सगळी एकदम पाहायला मिळत नाहीत, याची तक्रार होते. कारण साधं आहे. कागदावरचे वनस्पतिज रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पाडत नाहीत आणि काही काळाने ती उतरवून अंधारात ठेवतात. त्यात मुंबईचा पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते. आर्द्रता सतत वरखाली झाली की कागद फुगतो-आकसतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

सगळंच इथे आलं असंही नाही. १९३१ मध्ये परळला रस्त्याचं काम चालू असताना सात आकृत्यांची भव्य शिवमूर्ती सापडली. लोकांनी तिची पूजा सुरू केली, ती तिथेच राहिली. संग्रहालयात आहे ती तिची प्लास्टरची प्रतिकृती. मूळ मूर्तीसाठी परळच्या बारादेवी मंदिरात जावं लागतं, चपला बाहेर काढून.