अग्निजन्य आणि रूपांतरित खडक शिकायचेत? बेळगाव-खानापूरच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

निपाणी-चिकोडीकडचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला अग्निजन्य खडक. दक्षिणेला धारवाडच्या बाजूला गेलं की शिस्ट आणि नीस हे उष्णता आणि दाबाने बदललेले, म्हणजे रूपांतरित खडक लागतात, त्यातले काही तीनशे कोटी वर्षांहून जुने. असा मुलूख पायाखाली असूनही भूविज्ञान हा पदवीचा विषय असतो, हे इथल्या बऱ्याच मुलांना बीएस्सीचे विषय ठरून गेल्यावर कळतं.

आणि गाडी तिथंच चुकते. बहुतेक ठिकाणी एमएस्सीला बीएस्सीत भूविज्ञान असावंच लागतं. सोबत गणित, भौतिक किंवा रसायन यांतले विषय विचारले जातात, त्यामुळे पीयूसीला गणित सोडू नका. बेळगाव परिसरात हा विषय सहज मिळत नाही. धारवाडचं कर्नाटक सायन्स कॉलेज किंवा सांगलीचं विलिंग्डन, हे जवळचे पर्याय. कर्नाटकातले पदवी प्रवेश यूयूसीएमएस पोर्टलवरून होतात. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठातून धारवाडला गेलात तरी ते लागेल, कारण २०१० पासून ही विद्यापीठं वेगळी आहेत.

एमएस्सीसाठी धारवाड, गोवा, पुणे आहेतच, पण आयआयटी हवी असेल तर जॅम ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. भूविज्ञानाचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी बसता येतं, वयाची अट नाही. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्क निम्मं. प्रवेशावेळी पदवीला खुल्या आणि ओबीसी वर्गाला साधारण ५५ टक्के, एससी-एसटीला ५० टक्के लागतात. रँक आली म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका. निकालानंतर पसंतीक्रमासह दुसरा अर्ज भरायचा असतो आणि तो राहिला की रँक वाया जाते.

आरक्षण नसेल तर जॅमच्या अर्जाला मुख्यतः फोटो, सही आणि ओळखपत्र लागतं. अडचण येते ती आरक्षणाच्या दाखल्याची. नाडकचेरीतून मिळणारा २ए, ३बी या राज्याच्या मागास प्रवर्गांचा दाखला राज्यापुरता असतो. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात कर्नाटकाखाली आहे का हे आधी पाहा, आणि असेल तर केंद्राच्या इंग्रजी नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तहसीलदारांकडून काढून ठेवा. प्रवेशाच्या वर्षी ते १ एप्रिलनंतरचं लागतं. आणखी एक, आपल्याकडे एसएसएलसीच्या मार्कलिस्टवर नाव एका क्रमाने आणि आधारवर दुसऱ्या क्रमाने असतं. ते आत्ताच सारखं करून घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांची सवलत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांसाठी आहे, जॅमला तिचा उपयोग नाही.

घरचे विचारतात, दगड शिकून पुढे काय? हा प्रश्न रास्त आहे. खडकाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसणं जुनाट वाटतं, पण त्याला आता झिरकॉन या खनिजाच्या कणांतलं युरेनियम-शिसं मोजून खडकाचं वय काढण्याची जोड आहे, आणि खनिजांच्या रचनेवरून खडक किती खोलीवर, किती तापमानाला घडला हेही काढता येतं. बॅटरीसाठी लागणारं लिथियम मिळतं ते बऱ्याचदा पेग्मटाइट या अग्निजन्य खडकात. मंड्याजवळच्या मारलगल्ल्याचा साठा त्यातलाच. केंद्राने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, २०२५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. आइसलंडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात आणि तो तिथे खनिज होऊन बसतो. दख्खनच्या बेसॉल्टकडे त्याच नजरेने पाहणारे अभ्यासक आहेत. कोयनेजवळ तर भूकंपांच्या अभ्यासासाठी बेसॉल्टच्या थरापार, खालच्या ग्रॅनाइट-नीसपर्यंत खोल छिद्र पाडलंय.

सरकारी नोकरीचा मुख्य रस्ता यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून जातो. एमएस्सी हवी, वय २१ ते ३२, ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षांची सूट. पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य ६००, मुलाखत २००. मुख्य परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात अग्निजन्य आणि रूपांतरित खडकांचे दोन स्वतंत्र विभाग असतात, ते टाळून पार पडत नाही. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. मात्र पदवीचा पुरावा पुढे ठरलेल्या वेळी द्यावा लागतो, तेव्हा निकाल उशिरा लावणाऱ्या विद्यापीठात असाल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी आधीपासून मागे लागा.